पाइपातली सुरणी

१ मार्च
आजपासून शांत राहायचं. मी शांतच असतो, पण अनुजाचा फोन आला. शिमग्याला पुण्याहून विनीत नावाच्या मुलाला आणते म्हणाली, लग्नाचं बोलायला. अट एकच, बाबांनी त्याच्यावर ओरडायचं नाही. सराव म्हणून तिने दिवाळीत आणलेला व्हिडिओ गेम खेळायचा. पहिली लेव्हल न ओरडता पार केली, तरच दोघं येणार. पोरखेळ. उद्या संध्याकाळपर्यंत उरकतो.

२ मार्च
गेम सोपा. टीव्हीतला माणूस उड्या मारत पुढे जातो. मध्ये एक पाइप. त्यातून दातवालं झाड वर येतं, चावतं, परत आत जातं. तोंड फुललेल्या सुरणासारखं. नाव ठेवलं सुरणी. अख्ख्या आचऱ्यात माझ्यासारखी हापूसची कलमं कोणी बांधत नाही. झाड मला अडवणार?

३ मार्च, सकाळ
चावली.

संध्याकाळ
चावली. ओरडलो नाही. आनंदीचं म्हणणं, ओरडलो. बायकोच ती. पण शेजारचा अब्बासही कुंपणाशी येऊन विचारून गेला, घरात जनावर शिरला काय? आवाज वेगळा आणि उत्साह वेगळा, हे या लोकांना कळत नाही.

५ मार्च
शास्त्रीय उपाय. झाडाला उपाशी ठेवायचं. गेम चालू ठेवून दिवसभर बटणाला हात लावला नाही. खायला माणूस नाही म्हटल्यावर वाळणारच. आनंदीची सिरियल बुडाली. संध्याकाळी सुरणी टवटवीत. टीव्ही मात्र तापला होता.

७ मार्च
टीव्हीसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या पायपात जी काय इडापिडा आसा ती दूर कर रे म्हाराजा! 'व्हय म्हाराजा' म्हणायला घरात दुसरं कोण? आनंदी स्वयंपाकघरातून म्हणाली, पण हसत म्हणाली. म्हणून गुण आला नाही. शिवाय नारळ फोडताना पाणी रिमोटवर सांडलं. उडीचं बटण चिकटतंय. यापुढे हरलो तर तो माझा दोष धरायचा नाही.

१० मार्च
अनुजाचा फोन. लेव्हल झाली का? जवळजवळ, म्हटलं. मागे टीव्हीवर सुरणी चावली आणि मी जरा मोठ्याने बोललो.  मग आनंदी फोन घेऊन पडवीत गेली. बराच वेळ बोलत होत्या. भाजीबिजीचं असणार.

१३ मार्च
होळी. आनंदी शिरोड्याला तिच्या भावाकडे, सुदेशकडे गेली. काम आसा म्हणाली. बरं झालं, एकाग्रता होईल. अनुजाची गाडी कुठे पोचली ते विचारायला फोन केला. उचलला नाही. रेंज नसेल.

१६ मार्च
आनंदी आली, हातात पेढे. अनुजाचं ठरलं. बोलणी मामाच्या घरी झाली. विनीत बरो झील आसा, हळू बोलता, म्हणाली. माझ्या पोरीचं लग्न ठरलं आणि मी इथे सुरणीसमोर बसलेला. फार वाईट वाटलं.

आनंदीने रिमोट हातात घेतला. माणसाला थेट पाइपाला चिकटवून उभं केलं. सुरणी वर आलीच नाही. मग सावकाश उडी मारून पलीकडे. कसं काय, विचारलं. म्हणाली, बाजूक जावन गप उभ्या रव्हायचा, मगे ती तोंड भायर काढणा नाय. ह्या माका लग्नापासून म्हायत आसा.

लग्नाचा इथे काय संबंध? चांगलंच सुनावणार होतो. तेवढ्यात ती येऊन माझ्या बाजूला गप्प उभी राहिली. माझं तोंड उघडलेलं होतं, त्यात तिने पेढा घातला.