अंगावर चढवून पाहिलेलं कॉलेज

तीर्थस्वरूप मामांना,

आजच्या भाषणात मी पुन्हा सांगितलं की गरिबीमुळे माझं मोठं कॉलेज हुकलं. टाळ्या पडल्या. ते खोटं होतं. त्या फीसाठी तुम्ही दुकानातलं दुसरं शिलाई मशीन विकायला काढलं होतं.

तुमची अट एकच होती. "कच्चे टाके घालून अंगावर चढवल्याशिवाय मी काही पक्कं शिवत नाही. मोठ्या आणि गल्लीमागच्या, दोन्ही कॉलेजांत एकेक दिवस बसून ये."

मी फणकारले, "कॉलेज म्हणजे काय सदरा आहे?"

"अगं, सदरा उसवता येतो. गेलेली तीन वर्षं कशी उसवणार?"

मोठ्या कॉलेजात मी शंका विचारली, तर सरांनी घड्याळ दाखवलं. आपल्या गल्लीमागच्या कॉलेजात बाईंनी खडू खाली ठेवला आणि तास संपेपर्यंत माझ्याशी वाद घातला. मी सपशेल हरले आणि तिथेच नाव घातलं. आज सभा गाजवते ती त्या हरण्याच्या जोरावर, आणि तिथे मला धाडलंत तुम्ही.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही ते येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवाल. त्यापेक्षा उद्याच्या सभेत तुम्हाला पहिल्या रांगेत बसवते आणि खरं काय ते माइकवरूनच सांगते.

तुमची तोंडाळ भाची