शेठ म्हणाले, मनीषाला काढा

मंगळवार संध्याकाळ, तलासरी

अजून डोकं तापलेलंच आहे. आमच्या कारखान्यात ड्रॉइंग काढणाऱ्या मनीषाने लायसन्सचं कुलूप तोडून ते सॉफ्टवेअर आणखी दोन कॉम्प्युटरवर टाकलं होतं. आज सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने जाब विचारला आणि शेठ माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, मनीषाला काढा. तिने परस्पर केलं असं लिहून द्या."

परस्पर? माणसं तीन आणि लायसन्स एक, आणखी घ्या, असं मी किती वेळा म्हटलं! तेव्हा "चालतंय ना, चालू द्या" कोण म्हणालं?

मनीषाला मी झापलंच. चूक ती चूक. "मॅडम, काम अडलं की ओरडा मलाच बसतो ना," म्हणाली. सायवनहून रोज धडपडत येणारी पोरगी. तिचा बळी द्यायचा आणि 'चालू द्या' म्हणणारे नामानिराळे? का म्हणून?

शेठना सांगितलं, "तिला समज दिली आहे. खोटं मी लिहिणार नाही. लिहायचंच तर तुमचं 'चालू द्या'सुद्धा लिहीन." ते केबिनमध्ये गेले. मी दोन्ही कॉम्प्युटरवरून ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. तिथली दोघं हात बांधून बसली.

दुपारी वापीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "ड्रॉइंग उशिरा मिळेल. आमच्याकडे लायसन्स एकाच कॉम्प्युटरचं आहे," मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. केबिनचं दार उघडंच होतं.

थोड्या वेळाने शेठ बाहेर आले. मनीषाकडे न बघता म्हणाले, "दोन लायसन्सचा भाव मागवा."

मागवला. शेठचे आभार मात्र मी मानले नाहीत.