हिरवा दिवा थांबला की मगच स्विच

माय,

तुला पत्र लिहायला तसं काही कारण नाही. तू जाऊन एकवीस वर्षं झाली. तू होतीस तेव्हाही मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि आपल्या घरातली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं तुला चाललं नसतं. पण या आठवड्यात मी एक यंत्र दुरुस्त केलं. तुझ्या पद्धतीने दुरुस्त केलं, आणि गंमत अशी की ते बिघडलंही तुझ्याच पद्धतीने होतं. हे ज्याला सांगितल्यावर लगेच कळेल असं दुसरं माणूस मला आठवेना.

आधी यंत्र काय आहे ते सांगते. साखरखेर्ड्याला विहाराच्या मागे एक खोली आहे. निवृत्त झाल्यावर मी तिथे अभ्यासिका सुरू केली. परीक्षा देणाऱ्या मुली येतात, लग्न झालेल्या बायाही येतात. तिथे एक कॉम्प्युटर आहे, पण तू डोळ्यांपुढे आणशील तसली पेटी नाही. तळहातावर मावेल एवढी एक हिरवी पट्टी, तिच्यावरच सगळं बसवलेलं. तिला झाकण नाही. आत जी प्रणाली चालते तिलाही झाकण नाही. लिनक्स म्हणतात तिला. ती कशी बांधली आहे ते जगात कुणीही उघडून पाहावं, शिकावं, सुधारावं. तुझ्या नातवाने ती पुण्याहून आणून बसवून दिली तेव्हा मला तूच आठवलीस. मिस्त्री आपल्या पिठाच्या चक्कीच्या खोलीचं दार लोटून घ्यायला लागला की तू म्हणायचीस, "दार काऊन लावून राह्यला? माह्या समोर खोल. मले बी पाहू दे आत काय हाय ते."

या पट्टीत नखाएवढं एक कार्ड असतं. सगळी प्रणाली त्यात, आणि मुलींनी लिहिलेलं सगळंही त्यातच. सोमवारी दुपारी मी बटण दाबलं तर लाल दिवा लागला, हिरवा तीन-चारदा लुकलुकला आणि गप्प झाला. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर आल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. माझ्याशेजारी एक अंगणवाडीसेविका उभी होती. पस्तिशीची बाई, दोन लेकरं, सकाळी अंगणवाडी आणि दुपारी दोन ते चार अभ्यास. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसते आहे, आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची खेप. परीक्षेला तीन आठवडे उरलेले, आणि तिने दोन वर्षं काढलेली टिपणं, सोडवलेल्या दीडशे प्रश्नपत्रिका, सगळं त्या नखाएवढ्या कार्डात.

मी काय केलं असेल? तुला माहीत आहे मी काय केलं. तिच्यावर घसरले. आदल्या आठवड्यात तिने आपला मोबाइल याच पट्टीला लावून चार्ज केलेला मी पाहिला होता. चार मुलींसमोर म्हटलं, "हे अंगणवाडीतलं खेळणं नाही. सांगितलं होतं ना, याला काही जोडायचं नाही म्हणून?" ती म्हणाली, "मॅडम, मोबाइल त्या एकाच दिवशी लावला व्हता. काल तं म्या फक्त सुरू करायचं बटण दाबलं, तुमी शिकोलं तसं." मी म्हटलं, "शिकवलेलं लक्षात राहिलं असतं तर ही वेळ आली नसती." तिने पिशवी उचलली आणि गेली. मंगळवारी आली नाही. बुधवारीही नाही.

तुझ्या नातवाला फोन केला. तो म्हणाला, "आई, फॉरमॅट मार. नवीन प्रणाली टाकून देतो, अर्ध्या तासाचं काम." मी विचारलं, आतलं लिहिलेलं? म्हणाला, "ते जाईल. तू दुसरीकडे ठेवलं नव्हतंस का?" नव्हतं ठेवलं. मी त्याला म्हटलं, चक्की सुरू होत नाही म्हणून लोकांच्या दळणासकट ती कुणी उकिरड्यावर नेऊन टाकत नाही. तो हसला. त्याने तुझी चक्की पाहिलेली नाही.

मी मात्र ती रोज पाहते. दुसरबीडच्या रस्त्यालगतची पत्र्याची खोली, दारातल्या डब्यांची रांग, तुझ्या भुवयांवर पीठ. बाबा दूरच्या शाळेवर शिपाई, आठवड्याने घरी यायचे, तेव्हा चक्की तुझीच. ती बंद पडली की डबे घेऊन उभ्या असलेल्या बायांत प्रत्येकीला बिघाड माहीत असायचा. दळायचा दगडी पाट झिजला, पाट सरकला, पाट बदला. तू कुणाचंच ऐकायची नाहीस. तुझा क्रम ठरलेला: "आधी लाइट पाह्य. मंग फ्यूज. मंग पट्टा. पाटाले हात सगळ्यात शेवटी." आणि एका वेळी एकच. एकदा मिस्त्रीने फ्यूज बदलला, पट्टा ताणला, पाटही उचलून बसवला आणि चक्की सुरू झाली. तो खूश. तू कमरेवर हात ठेवून विचारलंस, "आता सांग, कायनं सुरू झाली?" तो तीनही कामं बोटांवर मोजू लागला. "मंग पुढच्या टायमाले बी तुले तीन कामं करा लागतीन," तू म्हणालीस. बाया हसल्या. मी पुढे बुलढाण्याला जाऊन बी.एस्सी. केलं, तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, पण प्रयोग कसा करायचा हे त्या पत्र्याखाली उभ्याने शिकले होते.

तर मंगळवारी मी तुझ्या क्रमाने निघाले. आधी लाइट. कॉलेजला निघाले तेव्हा तू मला पिवळ्या मुठीचा टेस्टर दिला होतास. बाकीच्या मुलींच्या ट्रंकांत चिवडा-लाडू, माझ्या ट्रंकेत टेस्टर. होस्टेलच्या खोलीतल्या पोरी दोन वर्षं चिडवत होत्या, आणि फ्यूज गेला की माझ्याच दारात येत होत्या. तो अजून आहे. प्लगमध्ये घातला, लागला. मग अडॅप्टर बदलला. लाल दिवा तसाच, हिरवा तसाच गप्प. मग वायर, मग पडदा. एकेक बदलायचं, पाहायचं, मूळचं परत लावायचं, वहीत लिहायचं. मग एका कोऱ्या कार्डावर तीच प्रणाली उतरवून ते पट्टीत घातलं. आणि काय सांगू, हिरवा दिवा असा नाचायला लागला! म्हणजे पट्टी ठणठणीत. दुखणं जुन्या कार्डातच.

इथे मला घाई झाली होती, खोटं कशाला बोलू. दुरुस्तीची आज्ञा मला पाठ होती. पण तू पाटाला टाकी लावताना पहिला घाव वाया गेलेल्या पाटाच्या तुकड्यावर घालून पाहायचीस, ते आठवलं आणि हात मागे घेतला. ज्याची दुसरी प्रत नाही त्याच्यावर हात चालवायचा नाही. बुधवारी पूर्ण कार्डाची जशीच्या तशी नक्कल माझ्या जुन्या लॅपटॉपवर उतरवली. तीन तास लागले. मूळ कार्ड कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवून दिलं आणि नकलेवर दुरुस्ती चालवली. ती फार सोशिक असते माय. एकेक तुटलेला धागा दाखवते आणि विचारते, हा जोडू का? हा कुठला ते कळत नाही, बाजूला ठेवू का? प्रत्येक वेळी मी हो म्हणत गेले. साठेक वेळा म्हटलं असेल. शेवटी शेवटी तर मोठ्याने "हाव, हाव" म्हणत होते, खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं. मग दुरुस्त झालेली नक्कल दुसऱ्या कार्डावर उतरवली, ते पट्टीत सरकवलं, बटण दाबलं. ओळी आल्या, सोमवारी जिथे अडल्या होत्या तिथे आल्या, आणि पुढे गेल्या. दीडशे प्रश्नपत्रिका मोजून पाहिल्या. दीडशे होत्या. टिपणंही होती. मी उठून गॅसवर चहा ठेवला आणि त्यात साखर टाकायची विसरले, तरी तो गोड लागला.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण "कायनं" हा तुझा प्रश्न राहिला होता. ही प्रणाली स्वतःची रोजनिशी ठेवते. कधी सुरू झाली, काय केलं, कधी बंद झाली. नातवाने तिला घड्याळाचा सेलही बसवून दिला आहे, म्हणून वेळा बरोबर असतात. मी मागचे दोन महिने वाचून काढले. नीट बंद केलं तर ती हातातलं सगळं कार्डात लिहून टाकते, शेवटची ओळ घालते आणि मग डोळे मिटते; तोवर हिरवा दिवा लुकलुकत राहतो. त्या शेवटच्या ओळी मला कुठे दिसेनात. रोजची नोंद सहाच्या पुढेमागे मधेच तुटलेली. जणू बोलता बोलता कुणी तोंडावर हात ठेवला.

अंगणवाडीची बाई चार वाजता जाते. सहा वाजता खोली मी बंद करते. खिडक्या लावते, झाडू जागेवर आहे का बघते, आणि कुलूप घालण्याआधी मेन स्विच पाडते. कॉम्प्युटर चालू असो नसो, खटकन. चालू असलं तर एखाद्या मुलीने बंद करायचं राहिलं असेल म्हणून मनात तिला चार शब्द ऐकवते आणि पाडते. चाळीस वर्षांत एका दिवसाचाही अपवाद नाही. शाळेत पोरं पाठीमागे मला मेनस्विच मॅडम म्हणत. मला ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

ही सवय कुठून आली ते तुला सांगायला नको. मी अकरावीत. तू बीबीच्या बाजाराला गेलेली, चक्की माझ्यावर सोपवून. जाताना एकच सांगून गेलीस, "लाइट गेली का आधी स्विच पाडजो. भरल्या चक्कीवर लाइट आली तं मोटार जयते." लाइट गेली. वरच्या पेटीत ज्वारी भरलेली. तासाभराने लाइट आली, मोटार नुसती घुमली, फिरली नाही, आणि जळकट वास सुटला. तू आलीस तेव्हा वास दारापर्यंत होता. "स्विच पाडला होता?" तू विचारलंस. मी म्हटलं, "पाडला होता." तू स्विचचा वरच असलेला लोखंडी दांडा खाली केलास. पुन्हा वर, पुन्हा खाली. म्हणालीस, "जड हाय वं. आपोआप तं नाही चढत." तेवढंच. आठ दिवस लोक डबे घेऊन बीबीला दळायला गेले, आणि तू त्या आठ दिवसांत, त्यानंतरही, त्या विषयावर एक शब्द बोलली नाहीस. तू दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी त्या केव्हाच विसरले असते.

काल सकाळी मी अंगणवाडीत गेले. ती लेकरांना खिचडी वाढत होती. मला पाहून पदर सावरला, पण "या" म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितलं की तिचं सगळं परत मिळालं आहे, एकही कागद गेलेला नाही. तिने हातातला डाव पातेल्यात ठेवला आणि भिंतीला टेकली. मग मी सांगितलं की बिघाड मोबाइलने झाला नव्हता. मी रोज संध्याकाळी चालू यंत्राचा स्विच पाडत होते, त्याने कार्ड खराब झालं. चूक माझी.

"तुमच्याकून झालं व्हय?" ती म्हणाली. तिला खरंच वाटेना.

"माझ्याकडून."

"मंग आता तुमाले कोण रागावन?"

"एक होती. गेली," मी म्हटलं.

"मंग म्या रागावू का?"

"रागाव."

तिने लेकरांकडे पाहिलं. ती सगळी घास तोंडात धरून आमच्याकडे बघत होती. तिने माझ्याकडे बोट केलं आणि लेकरांना दटावते त्या आवाजात म्हणाली, "पुन्हा करान का असं? मोठ्या आहा म्हनून सोडून राह्यली बरं." लेकरं खिदळली. मीही हसले, आणि मग तिने मला खिचडी वाढली. दुपारी दोनला ती आली. तिला मी तिच्या कागदांची वेगळी प्रत एका कार्डात करून दिली, आणि "हे घरी ठेव, माझ्यावरही भरवसा ठेवू नको" म्हटलं.

आता साडेपाच झाले. मुली गेल्या. हे मी त्याच पट्टीवर लिहिते आहे, त्यामुळे तुझं पत्र आता दीडशे प्रश्नपत्रिकांच्या शेजारी राहील. छापणार नाही. तुझ्या नातवालाही दाखवणार नाही. भिंतीवर स्विचच्या वर मी कालच एक कागद चिकटवला: हिरवा दिवा थांबला की मगच स्विच. मुलींना वाटतं तो त्यांच्यासाठी आहे.

तर आता मी हे नीट बंद करीन, दिवा थांबेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसेन, आणि मग उठेन. त्याआधी एवढंच. त्या दिवशी मी पोत्यांमागे बसून पुस्तक वाचत होते माय. लाइट गेलेली मला कळली होती. पान संपलं की उठू, असं म्हटलं. स्विच मी पाडला नव्हता.