मामांचं रक्त आणि माझ्या चपला

तीर्थरूप (आणि सध्या अग्निरूप) मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण काहीच ठीक नाही. ताईच्या अंगात रक्त टिकत नाही, औषधांनी डोक्यावर केस ठेवले नाहीत, आणि मी टेलरिंगच्या दुकानाला कुलूप घालून वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असतो.

आता रविवारच्या प्रकाराबद्दल. तुम्ही अख्खं खटलं टेम्पोत घालून आणलंत (त्यात सुई दिसली की भोवळ येणारे मावशीचे यजमानही), रक्तपेढीच्या दाराशी चपला काढल्यात, बाही दंडापर्यंत दुमडलीत आणि तिथल्या बाईंना छाती काढून सांगितलंत, मी सख्खा मामा. तिथंच सगळं फिसकटलं. बाई म्हणाल्या, नात्यातलं रक्त तसंच देता येत नाही. तुम्ही विचारलंत, आमच्या रक्तात काय खोट आहे, आणि तरातरा निघून गेलात. मागोमाग टेम्पो. बाईंचं पुढचं बोलणं ऐकायला मी एकटाच उरलो.

मामा, रक्तात पांढऱ्या पेशी असतात. परक्याच्या असल्या तर शरीर बहुधा त्यांना ओळखून हाकलतं. घरच्यांच्या मात्र इतक्या सारख्या, की शरीर आपलंच माणूस समजून दार उघडतं, आणि मग त्या हातपाय पसरून घरमालकावरच उलटतात. (थोरले काका चार दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आले होते, ते आठवा. मला लगेच समजलं.) ताई तर इतकी अशक्त, की तिला परक्याचं रक्तसुद्धा आधी किरण देऊनच चढवतात. कपाटाएवढ्या यंत्रात पिशवी ठेवली की त्या पेशींची वाढ खुंटते आणि लाल पेशी आपलं काम करतात. शिवाय पुढेमागे घरातल्याच कुणाचा तरी बोन मॅरो (हाडातला मगज) लागेल, आणि आत्ताच आपलं रक्त दिलं तर तिचं शरीर तेव्हा तो नाकारू शकतं, म्हणून ते किरण देऊनही नको म्हणतात. माझंही नाकारलं. मी तर सख्खा भाऊ, मी कुणावर रुसू?

किरणांनी पिशवी गरम होत नाही (मी हात लावून पाहिला, बाई ओरडल्या). ताई अंधारात चमकणारही नाही, हे मावशीला कृपा करून सांगा. तिनं ती शंका आईच्या कानात घातल्यापासून आई दिवा मालवायला घाबरते.

पण एवढं शहाणपण येऊन उपयोग काय? ते यंत्रच बंद पडलंय. दुरुस्तीवाला म्हणतो, आज होईल, उद्या होईल. मी गिऱ्हाइकांना जन्मभर हेच सांगत आलो, त्यांचे तळतळाट लागले असणार. पिशव्या शहराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन किरण देऊन आणतात, आणि तोवर ताईचे ओठ पांढरे पडत जातात. मला हे बघवत नाही, मामा.

असो. रागाच्या भरात तुम्ही माझ्या चपला घालून गेलात. तुमच्या मला आखूड. टाचा बाहेर काढून वॉर्डापर्यंत आलो आणि त्या ताईच्या दाराशी सोडल्या. तर माझ्या तेवढ्या पाठवून द्या. लोभ आहेच, राग ओसरल्यावर तो वाढवावा.

आपला अनवाणी भाचा

ता. क. चपला पाठवू नका. घालून या.

आणखी एक. ताईच्या दाराला काच आहे, त्यातून बाहेरच्या चपला दिसतात. अंगठा सुतळीनं बांधलेल्या तुमच्या चपला तिनं बरोबर ओळखल्या. मामा आलेत, म्हणून दोन घास जास्त जेवली. आम्ही सांगितलं, खाली चहाला गेलेत. रोज तेच सांगतो. आज तिनं विचारलं, मामांचा चहा अजून संपला नाही का.