एकाच चेहऱ्याची तीन स्थळं

तीर्थस्वरूप पुंजाराममामांच्या चरणी जालन्याहून भाचा हरिओम याचा दंडवत. तुळजामामीचा गुडघा आता कसा आहे? (मी सांगितलेल्या तेलानं दुखणं उतरलं असंल तर माझं नाव घ्या, न्हाई तर डॉक्टरला दाखवा.) मोसंबीला फळ बराबर धरलंय असं आईकडून कळलं, जिवाला बरं वाटलं. मी मजेत आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि मंग आख्ख्या कुंभार पिंपळगावात माझी खुशाली गाजते. 'आमच्या पोराच्या, कल्याणच्या स्थळाचं काय झालं' असं तुम्ही दर फोनला विचारता, त्याचं उत्तर यात ओघानं येईलच. मुख्य गोष्ट अशी, की मला एक मुलगी फार आवडली आहे, आणि ते जमणं आता तुमच्या हातात आहे.

मुळापासून सांगतो. मी सोयरिकीची वेबसाइट चालवतो हे तुम्हाला ठावं आहे (तुम्ही तिला 'पोराचं कॉम्प्युटरचं खूळ' म्हणता, चालंल). लोक बायोडाटा पाठवतात आणि तो आत एका रांगेतून जातो. पहिला टप्पा मजकूर साफ करतो, दुसरा गाव-शिक्षण वेगळं काढतो, तिसरा फोटो कापून मापात बसवतो, मंग पान लोकांना दिसतं. हे सगळं ज्या तयार चौकटीवर उभं आहे तिला फ्रेमवर्क म्हणतात, आणि ती स्वभावानं बिलकुल आमच्या थोरल्या आत्यासारखी आहे, एकाचं चुकलं की सगळ्या घराचं जेवण बंद. शहागडच्या एका ट्रकमालकानं फोटोच्या जागी ट्रकच्या इन्शुरन्सचा कागद पाठवला. तिसऱ्या टप्प्याला त्यात तोंड सापडंना. तो अडला, त्याच्यामागं रांग अडली, आणि ऐन लग्नसराईत आमची साइट नुसती लाल इंग्रजी अक्षरं दाखवत बसली.

मी विचार केला, मिठाचा वाढपी घसरून पडला म्हणून कोणी पंगत उठवत न्हाई. म्हणून मी तिसऱ्या टप्प्याला शिकवलं, की बाबा, फोटो जमला न्हाई तर बोंबलू नको, आपल्याजवळचा राखीव फोटो लाव आणि गुपचूप पुढं सरक. चूक झाली की मला मेसेज यायचा, तोही बंद केला (नेमका जेवताना वाजायचा). साइट जी पळायला लागली मामा, काय सांगू. मी छाती काढून फिरून राह्यलो. एवढंच विसरलो, की राखीव फोटो म्हणून चाचणीच्या वेळी माझाच टाकला होता. दोस्ताच्या लग्नातला, फेटा बांधलेला.

मागच्या आठवड्यात हसनाबादचे रखमाजी, त्यांची बहीण दैवशालाबाई आणि मुलगी साधना असे तिघं ऑफिसात आल्ते. बाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला. त्यात तीन स्थळं होती. एक शहागडचा ट्रकमालक, एक मोसंबीचा बागाईतदार आणि एक दोन लेकरांचा बिजवर. तिघांचा चेहरा एक, फेटाही एकच. नेमका तेव्हाच मी चहा घेऊन आतून बाहेर आलो. रखमाजी खुर्चीवरून उठून उभे राह्यले. दैवशालाबाईंनी मला खालून वर पाह्यलं आणि विचारलं, "हा पोरगा किती घरी लग्न करून राह्यला?"

मी त्यांना पंगतीचं उदाहरण समजावून सांगितलं. बहीण-भाऊ काही विरघळले न्हाईत. साधना मात्र ऐकत होती. ती इथंच एका बियाणं कंपनीत उगवण तपासते. ती म्हणाली, "आमच्याकडं बी उगवलं न्हाई तर उगवलं न्हाई असंच लिहितात. शेजारच्या ट्रेमधलं रोप उचलून तिथं लावत न्हाईत." तिचं म्हणणं असं, की पंगत चालूच ठेवा, पण मीठ न्हाई हे जेवणाऱ्याला आणि आचाऱ्याला, दोघांनाही कळू द्या. मी तिथंच बसून दुरुस्ती केली. आता फोटो अडला तर बाकी पान पुढं जातं, फोटोच्या जागी 'फोटो आला न्हाई' असं स्वच्छ दिसतं आणि मला मेसेज येतो. ती शेजारी बसून आणखी दोन चुका काढून मोकळी झाली. मामा, स्वतःच्या चुका ऐकताना इतका आनंद मला जन्मात झाला न्हाई.

निघताना दैवशालाबाईंनी सहज विचारल्यासारखं करून माझं गाव, शेती, पावणेरावळे विचारून घेतले. तेव्हा साधना म्हणाली, "या तोंडाला तीनदा न्हाई म्हणून झालंय. आता एकदा खऱ्या नावासगट बघू." त्या रात्री मी जेवलो न्हाई, तरी पोट भरलेलं होतं. पण रखमाजींची एक अट आहे. येत्या रविवारी आमच्या घरचं मोठं माणूस हसनाबादला यावं आणि चार लोकांत सांगावं, की हा एकच माणूस आहे आणि याचं नाव एकच आहे. बाबा तर लग्नाच्या मांडवातही मानेनंच बोलतात. तेव्हा तुम्हीच या. जाण्यायेण्याचा खर्चा माझ्याकडं. मामीला नमस्कार, कल्याणला आशीर्वाद (तो दोनच महिन्यांनी धाकटा आहे, तरी).

तुमचा,
हरिओम (एकच)

ता. क. कल्याणचं राहूनच गेलं. तुम्ही पाठवलेला त्याचा फोटो आमच्याकडं उघडलाच नव्हता. त्या यादीतला मोसंबीचा बागाईतदार म्हणजे आपला कल्याण. साधनाला त्याचं शिक्षण, बाग, घर, सगळं पसंत पडल्तं. नकार दिला तो फक्त चेहऱ्यामुळं. मामीला हे सांगू नका.

आणखी एक. कल्याणचा नवा फोटो मिळाला. फारच देखणा आलाय, साइटवरही बराबर बसतो. तरी रविवारपर्यंत तिथं 'फोटो आला न्हाई' असंच राहील. तुम्ही आणि मामी जल्दी निघा, अन् कल्याणला त्या दिवशी बागेत काहीतरी मोठं काम काढून द्या.