चुन्यावरचा ठिपका

१७ नोव्हेंबर १९५३, मंगळवार

पहिली टपकली ती रंगूबाई! तुळशीच्या लग्नाला ऊस मागायला आली आणि टपालवाल्याच्या हातातलं आमचं कार्ड आधी तिनेच वाचलं. शेजारीण असावी तर अशी! मी ओढूनच घेतलं. म्हटलं, मला येतं वाचता. माझ्या नातीने, नीलाने, अक्षरं शिकवलीत ती काय लोणच्यात घालायला?

कार्ड कल्याणहून. कुणी त्र्यंबकराव. माझ्या मुलाच्या, सुधीरच्या नावाने. ‘रविवारी चार वाजता बघायला येत आहोत. सोबत आक्का असतील. पसंत पडलं तर तिथेच ठरवू.’

बघायला!! उद्या तुळशीचं लग्न, म्हणजे मुहूर्त सुरू. नीलाला एकोणिसावं लागलं. मी तर आनंदाने रव्याचा डबाच काढला. रंगूबाई म्हणते, “आधी मुलगा काय करतो ते विचारा.” म्हटलं, तू ऊस घे आणि चल.

१९ नोव्हेंबर

रवा भाजला, लाडू वळले. तूप थोडं जास्त झालं, होऊ दे. नीलाला अजून काही सांगितलं नाही. सुधीर कथील आणायला मुंबईला गेलाय, रविवारीच येईल.

एक गोष्ट कुणाला सांगायची नाही, म्हणून इथे लिहिते. गेल्या साली सुधीरच्या डोळ्यात तापलेलं कथील उडालं. दुसऱ्या डोळ्यानेही आता अंधुकच दिसतं. मोटरींच्या पेट्रोलच्या टाक्या गळायला लागल्या की लोक आमच्या शेडमध्ये आणतात, इथे नौपाड्यात नाव आहे सुधीरचं. पण डाग देते ती नीला! डाग म्हणजे कथलाने भोक बुजवायचं. दार लावून करते. गिऱ्हाइकांना कळलं तर एक टाकी यायची नाही, असं सुधीर म्हणतो. पोर धुरात खोकते पण दार उघडत नाही.

लग्न झालं की सुटेल. मग शेडचं काय? — ते नाही सुचत.

२२ नोव्हेंबर, रविवार

काय लिहू! हसू की रडू!

आले बरोब्बर चारला. त्र्यंबकराव, सडपातळ, छत्री. आणि त्यांची थोरली बहीण आक्का, आवाज मामलेदाराचा. सुधीर न्हाणीघरात, आत्ताच गाडीने आलेला. नीलाला हिरवं लुगडं नेसवून बसवलेली, तोंड एवढं फुगलेलं. मीच बोलायला बसले.

आक्का म्हणाल्या, “आधीच सांगते, दोन ठिकाणी दाखवून झालंय. दोघांनी वाट लावली.”

मी हळूच विचारलं, “वय काय?”

“चोवीस. पण तळातून गळते.”

“गळते?”

“एकोणतीस सालची आहे ना! आमच्या ह्यांची मोटर, ते गेल्यावर माझ्याकडे आली.”

नीला पदरात तोंड घालून हसायला लागली ती थांबेना! त्र्यंबकराव पोह्यांची बशी धरून तसेच. म्हणाले, “आजी, आम्ही कारखाना बघायला आलोय हो.”

तेवढ्यात सुधीर आला. आक्का म्हणाल्या, “काम कुणाच्या हातचं? हात बघितल्याशिवाय टाकी देणार नाही मी.” सुधीर म्हणाला, माझ्याच. त्यांनी त्याच्या डोळ्याकडे बघितलं. मग नीलाच्या बोटांकडे. बांगड्या भरल्या तरी भाजल्याचे वण कुठे लपतात?

“हिच्या,” म्हणाल्या.

त्र्यंबकराव ताडकन उठले. “पोरीच्या हातात पेट्रोलची टाकी? त्यापेक्षा भंगारवाला उद्या न्यायला तयार आहे.”

“मोटर माझी आहे, त्रिंबका. खाली बस.”

बसले. पण जाताना दारात सुधीरला म्हणाले, “एकदाच. पुन्हा गळली तर गाडी भंगारात, आणि इथे कोण काम करतं ते अख्ख्या कल्याणात सांगेन.”

सुधीर जेवला नाही.

२३ नोव्हेंबर

टाकी आली. हलवली की आत खुळखुळतं — सगळा गंज! नीलाने मला शेगडी विझवायला लावली. “आजी, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट. आत वास राहतो, तोच उडतो.” दहा वेळा कढत पाण्याने धुतली. आज सगळ्यांना गार भात.

२४ नोव्हेंबर

आधीच्या दोघांनी गंजावरच डाग दिलेत, ते धरणार कसे, म्हणते. आतला गंज काढायचा तर हात जात नाही. मी म्हटलं, अगं, तेलाची बाटली कशी धुतेस? चिंचेचं पाणी, बारीक खडे, आणि हलवायची. नीला माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “चिंच किती आहे घरात?”

वर्षाची चिंच गेली! रंगूबाईकडची पण आणली. कशाला हवी ते सांगितलं नाही. तिला वाटतंय घरात कुणाला डोहाळे लागलेत.

२७ नोव्हेंबर

तीन दिवस हलवतोय. सूनबाई, नीलाची आई, एक टोक, मी एक टोक. कंबर म्हणते राम राम. पाणी आधी लाल यायचं, आज नितळ आलं. मग सोड्याने धुतली, कोरडी केली.

२८ नोव्हेंबर

डाग दिले. आत पाणी भरून ठेवलं, फक्त जोडाशी कोरडं. कथील धरावं म्हणून नवसागर लावतात, त्याचा धूर, डोळ्यांतून पाणी. सुधीर जवळ बसून नुसता कानाने ऐकत होता. “चर्र आवाज आला की धरलं समज,” म्हणतो. आला. पाच वेळा आला!

२९ नोव्हेंबर, रविवार

आज पाहणी. आत रॉकेल भरायचं आणि बाहेरून चुना लावायचा. केसाएवढी चीर असली तरी रॉकेल झिरपतं आणि पांढऱ्यावर ठिपका उठतो. चुना माझ्या पानाच्या डब्यातला, पुरेना म्हणून बाजारातून आणला. लावून झाल्यावर ती टाकी बाशिंग बांधलेल्या नवरीसारखी दिसायला लागली. किती गोड! कुणाची दृष्ट नको.

३० नोव्हेंबर

सकाळी नीलाची किंकाळी. ठिपका! काळा, तेलकट, नाण्याएवढा. नेमका मोठ्या जोडाच्या वर.

पोर मटकन खाली बसली. “आता सगळं उकलावं लागणार. दुसऱ्यांदा तापवला तर पत्राच टिकायचा नाही.” सुधीर चाचपत आला, म्हणाला, जाऊ दे बाळ, मीच जाऊन सांगतो कल्याणला. नीला उठून टाकीतलं रॉकेल ओतून काढायला लागली, पुन्हा शेगडी पेटवायची म्हणून.

शेवटी बोलले. “अगं, ती तीट आहे. मी लावली काल. काजळाची. तुपातलं काजळ, पसरलं असेल.”

नीला माझ्याकडे बघते, टाकीकडे बघते. मग चुना खरवडला. खाली पत्रा कोरडा ठणठणीत! बोट घासून हुंगलं — रॉकेल नाही, तूप!

“आजी, टाकीला तीट??”

म्हटलं, लागली का दृष्ट? नाही ना!

सुधीर तोंडावर टॉवेल घेऊन हसत होता. बऱ्याच महिन्यांनी बघितला हसताना.

१ डिसेंबर

त्र्यंबकराव टाकी घेऊन गेले. बघितली, हुंगली, आभार नाही, काही नाही. गाडीला लावून चालवून बघणार.

४ डिसेंबर

काही कळलं नाही. सुधीर दोन गिऱ्हाइकांना म्हणाला, सध्या काम घेत नाही.

७ डिसेंबर

अजून नाही. लाडू संपले.

९ डिसेंबर, बुधवार

मोटरीतूनच आले! आक्का मागे, राणीसारख्या. मोहने गावापर्यंत जाऊन आले, एक थेंब नाही. सुधीर पुढे झाला तर त्र्यंबकराव म्हणाले, “तुम्ही नव्हे हो. नीलाताईंना बोलवा. अख्ख्या कल्याणात सांगितलंय मी, काम कुणाच्या हातचं ते. तिघे टाक्या घेऊन माझ्या मागे लागलेत.”

नीलाताई!

तिघांना घेऊन येणार — रविवार, १३ डिसेंबर, सकाळी नऊ.