हिराचं रेडकू

सदाशिव पेठ, पुणे
४ जानेवारी २०२५

चि. अक्षतास इंदुमावशीचा जयभीम व अ. आ.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून पत्र. माझ्या अक्षराला हसू नकोस, चौथीपर्यंतच शाळा माझी.

खडकवासल्याच्या पुढं जनावरांच्या संशोधन केंद्रात नोकरीला लागलीस, एवढं शिकलीस, आणि म्हशीचं रेडकू मेलं तर रडतेस? हिरा आटली तर प्रयोग बुडेल, तुला कायम करणार नाहीत, कळलं. आता ऐक. रेडकाच्या कातड्याला मीठ चोळा, आत पेंढा भरा, तिच्यापुढं उभं करा. चाटेल आणि पान्हा सोडेल. कान मात्र आधी कापून पुरायचे. म्हैस पोराला कानात हाक मारते. आमच्या आईनं कधी कान ठेवले नाहीत. का ते विचारत बसू नकोस.

जेवत जा. वाळलीस नुसती.

तुझ्यावर जीव असलेली,
मावशी

२१ जानेवारी

ती. मावशीस सा. जयभीम.

उपाय लागू पडला. हिरा दोन्ही वेळा दूध देते. आमचे प्रमुख यज्ञेश्वर सर म्हणाले, मार्चपर्यंत दूध टिकलं तर तुला कायम करतो.

कान तेवढे राहिले. त्यात नंबरचा बिल्ला आहे आणि तो काढायला परवानगी लागते. गेल्या सोमवारी जनावरांची वजनं घेताना सवयीने ते पेंढ्याचं रेडकूही काट्यावर ठेवलं. अकरा किलो. काल साडेतेरा. सर म्हणतात, पेंढ्याने ओल धरली. मी शिवण उसवून पाहिली. पेंढा कोरडा आहे.

लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी,
अक्षता

३ फेब्रुवारी

चि. अक्षतास जयभीम.

रविवारी येऊन मीच कान कापले, बिल्ल्यासकट पुरले. तुझे सर ओरडले. ओरडू देत. त्यानंतर हिरा त्या पेंढ्याकडं बघेना, ते तूही पाहिलंस.

तुला न कळलेलं सांगते. मी खड्ड्यावर माती ओढत होते, तेव्हा ती तुझ्याजवळ आली. हात चाटला नाही, थेट कान चाटला. आणि तू डोळे मिटून उभी राहिलीस.

तिच्यापुढं जाऊ नकोस. आपल्या गल्लीत कुत्र्यामांजरांचा दवाखाना आहे, तिथं माणूस हवंय. ते बघ.

रागावलीस तरी माझीच आहेस.

मावशी

१० मार्च

ती. मावशीस सा. जयभीम.

मी कायम झाले. हिराइतकं दूध इथं कुणाचंच नाही. धार काढताना मी तिच्यापुढं उभं राहायचं, एवढंच. तिथं बरं वाटतं, मावशी. दुसरीकडं कुठं जावंसं वाटत नाही.

वाळलीस म्हणायचीस ना? आज सोमवार, सरांनी गमतीत मलाही काट्यावर उभं केलं. आठवड्यात अडीच किलो वाढले.

आठवण ठेव.

अक्षता

१३ मार्च

अक्षता,

कायम झालीस ते राहू दे तिथंच. शनिवारी सकाळी मी गेटवर उभी आहे. सामान घेऊ नकोस. कानांवर ओढणी घट्ट बांध आणि सरळ चालत ये.

मागून हाक आली, अगदी माझ्या आवाजात आली, तरी वळू नकोस. मी हाक मारणार नाही. हात धरीन.

मावशी